दादाला मी भाषणात नेलं

गेल्या मे महिन्यात मी भर सभेत, माइकवरून, माझ्या चुलतभावाच्या मरणाला ‘फुकट’ म्हणालो. समोर पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती. तिला तिथे मीच बोलावून घेतलं होतं.

तो शब्द तोंडातून निसटला असता तर मला इतका त्रास झाला नसता. तो निसटला नव्हता. बोलण्याआधी मी क्षणभर थांबलो होतो. बोलता बोलता वक्ता थांबला की लोक माना वर करतात, हे मला पंचवीसएक वर्षं वर्गात उभं राहून कळलेलं आहे.

मी नाशिकमध्ये एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. राहायला देवळाली कॅम्पच्या अलीकडे. तोफांचा सराव चालू असला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि आम्ही चहा पीत राहतो. उन्हाळ्यात गावोगाव, कॉलनी-कॉलनीत व्याख्यानमाला असतात. त्यांना माझ्यासारखे वक्ते लागतात: जवळचे, वेळेवर येणारे, मानधनाबद्दल न बोलणारे. गेली काही वर्षं मला एकच विषय देतात. जगात कुठे ना कुठे लढाई चालूच असते, टीव्हीवर रोज नकाशे आणि बाण दिसतात, आणि लोकांना कोणीतरी समोर उभं राहून सांगायला हवं असतं की कोण बरोबर आणि कोण चूक. वर्गातही मुलं विचारतात, “सर, आपण तिथे सैन्य पाठवायला पाहिजे का?” खरं सांगायचं तर मी दमलो आहे या प्रश्नाला. पण दमलो आहे असं सांगून व्याख्यानाचं आमंत्रण परत पाठवण्याइतका मी मोठा नाही.

गेल्या वर्षी विषय होता, ‘परक्या भूमीवर आपले सैन्य: कर्तव्य की स्वार्थ?’ एका कॉलनीच्या वाचनालयाची व्याख्यानमाला. वाचनालयाचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, उत्साही गृहस्थ. ते फोनवर म्हणाले, “सर, नुसतं भाषण कोरडं होतं हो. आधी एखाद्या वीरपत्नीचा सत्कार ठेवू. विषयाला धरून होईल. तुमच्या माहितीत आहे का कोणी?”

मी म्हणालो, “माहितीत कशाला, घरातच आहे.”

आमच्याकडे सभेचा क्रम ठरलेला असतो. दिवा लावायचा, प्रास्ताविक, सत्कार, मग वक्त्याचा परिचय, मग भाषण, शेवटी आभार. सत्कार झालेल्या माणसाने शाल मांडीवर घेऊन, नारळ सांभाळत, पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसायचं. मधून उठलं तर बरं दिसत नाही. सत्कारात जे म्हटलं आणि भाषणात जे म्हटलं त्याचा एकमेकांशी मेळ आहे का, हे कोणी तपासत नाही. मीही तपासलं नाही. माझ्या मनात एवढंच होतं की वहिनींना बरं वाटेल, आणि त्या समोर असल्या की माझ्या भाषणालाही वजन येईल. यातलं दुसरं मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

वहिनी मखमलाबादच्या शिवारात राहतात. थोडी जमीन, त्यात गुलाब आणि मोगरा. फुलं पंचवटीत विकायला जातात. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, सैन्यात होता. श्रीलंकेत आपलं सैन्य शांतता राखायला म्हणून गेलं तेव्हा तोही गेला आणि तिथेच राहिला. अस्थी आल्या आणि एक काळी लोखंडी पेटी आली. मी तेव्हा शाळेत होतो. वहिनींना दिवस गेलेले होते. मुलगी झाली ती वडील गेल्यावर. ती आता सिन्नरला असते, नोकरी करते, तिला स्वतःची दोन मुलं आहेत.

मी फोन केला तेव्हा वहिनी म्हणाल्या, “मला काय जमतं भावजी तिथं बसायला? पहाटं मोगरा तोडायचा असतो.”

“संध्याकाळी आहे हो कार्यक्रम. माझं भाषण आहे. तुम्ही कधी ऐकलंच नाही मला.”

“नाय ऐकलं. आमच्या घरी येता तवा बोलता कुठं तुम्ही? नुसते हूं हूं करता.” आणि हसल्या. “येते. पोरीला संगं आणते.”

सत्कार छान झाला. अध्यक्षांच्या पत्नी कुंकवाची कोयरी हातात घेऊन जरा घुटमळल्या. लावावं की नाही, हे त्यांना कळेना. वहिनींनीच कपाळ पुढे केलं आणि तो अवघड क्षण मिटवला. मग शाल, नारळ, फोटो. वहिनी खाली येऊन बसल्या. मुलगी शेजारी. मी उभा राहिलो.

मी काय बोललो ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातलं बरंचसं मला अजूनही पटतं. मी म्हणालो की कोणताही देश निव्वळ परोपकारासाठी दुसऱ्याच्या भूमीवर सैन्य पाठवत नाही. समुद्र असतो, सीमा असते, आपल्या भाषेची, आपल्या रक्ताची माणसं पलीकडे असतात, दुसऱ्या कोणी तिथे पाय रोवू नये अशी भीती असते. या सगळ्याला हित म्हणतात आणि ते असण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घोटाळा होतो तो हिताला कर्तव्य असं नाव दिल्यावर. हित साधलं नाही तर निदान चुकलं असं म्हणता येतं. कर्तव्य कधी चुकलं असं म्हणायची सोयच नसते. मग जाब कोणाला विचारणार? पाठवण्याआधी विचारायला हवं की आपल्याला तिथे कोणी बोलावलं आहे, बोलावणारा सगळ्यांच्या वतीने बोलतो आहे का, परत कधी यायचं, आणि बिघडलं तर उत्तर कोण देणार.

इथवर आलो तेव्हा सभा ढेपाळली होती. एक आजोबा पेंगत होते. मागे दोघं मोबाइल बघत होते. अध्यक्षांनी हळूच घड्याळाकडे पाहिलं. तिथे मी थांबलो आणि म्हणालो:

“हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझा चुलतभाऊ त्या बेटावर गेला. तिथल्यांना तो नको होता. इथल्यांना तो आठवत नाही. कुणाच्याच उपयोगी पडला नाही. फुकट गेला.”

टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळच्या सगळ्यात मोठ्या. आजोबासुद्धा जागे झाले. मला बरं वाटलं, हेही लिहितो. पुढचं भाषण मी चढ्या आवाजात केलं. वहिनींकडे नजर गेली तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मान वळवून, मागे टाळ्या वाजवणाऱ्या बायकांकडे बघत होत्या.

आमच्या घरी आमरसाचा बेत होता. माझ्या बायकोने सकाळपासून आंबे पिळून ठेवले होते. वहिनी म्हणाल्या, “नको, पोरीला उशीर होतो.” रिक्षा केली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला, “सर, ताईंची शाल खुर्चीवरच राहिली. नारळ मात्र नेला त्यांनी.” ते हसले. मीही हसलो.

आठवडाभराने पुतणीचा फोन आला. तिला मी लहानपणापासून ओळखतो. ती कधी आवाज चढवून बोललेली नाही.

“काका, कमान नको म्हणते आई.”

“कुठली कमान?”

“कुठली काय! शाळेची. बाबांच्या नावाची.”

मग आठवलं. गावातली माणसं किती वर्षं म्हणत होती की शाळेच्या फाटकावर कमान उभारू आणि दादाचं नाव देऊ. वहिनी तयार नव्हत्या. नाव काय करायचं, म्हणायच्या. शेवटी पुतणीनेच हट्ट धरला. तिने वडिलांना पाहिलेलं नाही. एक फोटो आहे, तोही गणवेशातला, चेहऱ्यावर टोपीची सावली. ती एकदा मला म्हणाली होती की माझी मुलं विचारतात आजोबा कुठे आहेत, तर दाखवायला एक जागा तरी हवी. त्या एका वाक्यावर वहिनी कबूल झाल्या होत्या. पंधरा ऑगस्टला कमान उघडायची असं ठरलं होतं.

“ती म्हणते, फुकट गेलेल्या माणसाचं नाव पोरांच्या डोक्यावर कशाला टांगायचं?” पुतणी म्हणाली. “मी म्हटलं, काकांनी आपलं बोलायचं म्हणून बोललं. तर म्हणते, ते शिकलेले हायेत, उगंच नाय बोलणार. काका, तुम्हाला असं वाटत होतं तर घरी येऊन बोलायचं. सत्काराला बोलावून असं बोलायची ही कुठली पद्धत?”

येतो, समजावतो, म्हणालो.

गेलो. वहिनी ओट्यावर बसून मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यावर पसरत होत्या. उठल्या नाहीत, पण पाणी दिलं. मी सुरुवात केली. म्हणालो, वहिनी, निर्णय चुकला म्हणजे माणूस चुकला असं नव्हे. सरकार वेगळं, सैनिक वेगळा. पाठवणाऱ्यांचा हिशोब वेगळा आणि जाणाऱ्याची निष्ठा वेगळी. वर्गात बोलतो तसं बोलत होतो. त्या कळ्या पसरत राहिल्या.

“म्हणजे तुम्ही बोलला ते खरंच हाय,” त्या म्हणाल्या.

“तसं नाही.”

“मग कसं?”

मग मी खोटं बोललो. म्हणालो की तेव्हा तसं बोललो, पण दादामुळे देशाचं भलंच झालं, तिथल्या लोकांचंही झालं, इतिहास पुढे ते मान्य करील.

वहिनींनी हात थांबवला. “भावजी, तोंड बघा जरा आरशात. खोटं बोलताना लहानपणी जसे कान लाल व्हायचे तसेच झालेत.” मग त्याच आवाजात: “तिथल्या लोकांचं भलं झालं म्हणता. शेवटच्या सुट्टीला आले तवा हे सांगत होते, गेलो तवा बाया ओवाळत होत्या. हार घालत होत्या. चौकीसमोरून एक म्हातारी पाण्याला जायची, ती रोज हसायची, ह्यांना काहीबाही विचारायची. ह्यांना काय कळायचं नाय, पण हे मान हलवायचे. मग पुढं पुढं ती हसायची बंद झाली. खाली बघून जायची. हे म्हणाले, आम्ही तिला काय केलं ते मला माहीत नाय, पर काहीतरी केलंच असणार.” त्यांनी फडक्याचं टोक सरळ केलं. “मी म्हटलं, तुमच्या बदलीचं बघा. ते म्हणाले, बघतो. एवढंच बोलणं झालं. त्याच्यावर परत गेले.”

माझ्या तासाभराच्या भाषणात ती म्हातारी कुठेच नव्हती. समुद्र होता, सीमा होती.

“मला राग आला तो कशाचा, तुम्हाला कळलं का?” वहिनी म्हणाल्या.

“फुकट म्हणालो त्याचा.”

“नाय. मी काय कमी वेळा म्हटलंय? रातीला एकटी असताना मीच म्हणायची, फुकट गेलात, कुणासाठी गेलात, माझा इचार केला नाय. मी म्हणू शकते. तुम्ही म्हटलं तर म्हटलं, पर त्या बायांनी टाळ्या का वाजवल्या?”

परत येताना नाशिकच्या द्वारका चौकात, सिग्नलला, मी बराच वेळ अडकलो. ट्रक, बस, हॉर्न. मला तिथे पुढे जायचीही इच्छा नव्हती. घरी आल्यावर बायकोने विचारलं, “माफी मागितलीत का?”

“समजावलं बरंच.”

“ते नाही विचारलं मी.”

त्यानंतर दीड-दोन महिने मी काहीच केलं नाही. कॉलेज सुरू झालं, प्रवेश, वेळापत्रकं. मी स्वतःची समजूत घालत होतो की माझं मत प्रामाणिक आहे आणि प्रामाणिक मताची माफी मागायची नसते. सरकारं नेमकं हेच करतात. जो निर्णय घेतला तो त्या वेळच्या माहितीवर योग्य होता, असं निवेदन काढतात आणि पुढच्या निर्णयाकडे वळतात. ते आपल्या माणसांच्या घरी जाऊन काही सांगत नाहीत, आणि ज्यांच्या भूमीवर गेले त्यांच्या घरी तर नाहीच नाही. मुलांना हे शिकवताना मला नेहमी संताप यायचा. या वेळी तोच धडा शिकवताना मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. कारण मी जे प्रश्न सैन्य पाठवणाऱ्यांना विचारले होते, त्यातला एकही दादाला माझ्या भाषणात नेताना मी स्वतःला विचारला नव्हता. मला कोणी बोलावलं नव्हतं. त्यात माझं हित होतं आणि मी त्याला सत्य सांगण्याचं कर्तव्य म्हणत होतो. बिघडल्यावर उत्तर कोण देणार, याचा विचारच केला नव्हता.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. तिथे माणसं मेली. इथे एका बाईची रात्र खराब झाली, आणि कदाचित एका मुलीची जागा गेली. पण मला माझ्या मापाचीच चूक कळू शकते.

जुलैच्या शेवटी पुतणीने पुन्हा फोन केला. शाळेच्या ओसरीवर रविवारी सकाळी बैठक आहे, आई तिथे येऊन कमानीला नाही म्हणणार आहे, तुम्ही आलात तर या, नाही आलात तरी चालेल. तिच्या आवाजात आता रागही नव्हता. मी गेलो.

कमानीचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण त्याचं श्रेय मला घ्यायचं नाही. कमान झाली, पण पंधरा ऑगस्टला नाही, दिवाळीनंतर. वहिनींनी पुढे बरेच दिवस घेतले आणि स्वतःच्या मनाने ठरवलं. रंगाऱ्याने आधी जे लिहून आणलं होतं, वीर, अमर वगैरे, ते सगळं त्यांनी पुसायला लावलं. आता वर फक्त दादाचं नाव आहे आणि खाली लिहिलं आहे: ‘या शाळेचा विद्यार्थी’. काही लोकांना ते फिकं वाटतं. पुतणीची मुलं तिथे उभी राहून फोटो काढून आली.

तर ती बैठक. ओसरीवर सतरंजी घातली होती. गावातले दहा-बाराजण, शाळेच्या बाई, वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, पुतणी त्यांच्याजवळ. चहा झाला. वहिनी म्हणाल्या, “माझं ठरलंय. नाव नको. तुमचे उपकार हायेत, पर नको.” शाळा समितीचे म्हातारे अध्यक्ष माझ्याकडे वळले. “सर, तुम्हीच सांगा आता. तुम्ही बोलणारे. वहिनीला समजवा, जवान कसा असतो, देश कसा असतो. तुमचं लय ऐकतात त्या.”

“म्हणूनच तर घोळ झालाय,” मागून कोणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. म्हणजे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी उभा राहिलो. सवयीने घसा साफ केला, सवयीने पहिलं वाक्य डोक्यात तयार झालं. ते बोललो असतो तर बरंही झालं असतं, मला ते जमतं. मग उभं राहणंच मला नको वाटलं. मी सतरंजीवर वहिनींच्या समोर बसलो. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचं होतं, कारण बोललो होतो तेही सगळ्यांसमोरच. पुतणीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तो मी तसाच हातात धरून राहिलो.

म्हणालो, “वहिनी, मी समजवायला आलेलो नाही. तिथे सैन्य पाठवायला नको होतं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्या दिवशी तुमच्या ओट्यावर बसून उलटं बोललो, ते खोटं होतं. पण दादा फुकट गेला की नाही हे ठरवणारा मी कोणी नव्हतो. लोक पेंगायला लागले म्हणून मी त्याचं नाव काढलं. तुम्हाला विचारलं नाही. पोरीला विचारलं नाही. तुम्हाला मान द्यायला म्हणून बोलावलं आणि तुमच्या देखत तुमच्या माणसावर टाळ्या घेतल्या. माझं चुकलं. नाव लावायचं की नाही ते तुम्ही ठरवा, त्यात माझं बोलणं धरू नका. मला माफ करा.”